पांढरं दिसलं की खाली ये

अक्का दुकानात शिरली तीच पदर कमरेला खोचून. मास्तरनं ओळखलं, आज आपली धडगत नाही.

"ऊठ त्या मशीनवरून," ती म्हणाली. "तुझे दाजी पाय मोडून पडलेत. टाकीवर आज तू जायचंस."

"मी? अगं, शिवायचे कपडे बघ किती पडलेत!"

"आणि गाव कोरडं पडलंय त्याचं काय? आज पाणी सुटलं नाही तर ऑफिसवाले उद्या दुसरा माणूस नेमणार. एकदा नेमला की नेमला. मग मी आणि तुझे दाजी तुझ्याकडंच जेवायला येऊ. रोज."

या शेवटच्या शब्दाला मास्तर उठला.

तसं त्याला बोलायला तोंडही नव्हतं. गावाची टाकी डोंगराच्या धारेवर. टाकीसाठी पाडलेल्या कच्च्या रस्त्यानं दाजी रोज वर चढायचे आणि व्हॉल्व्ह उघडून गावाला पाणी सोडायचे. आणि रोज संध्याकाळी हा टेलर मास्तर चार गिऱ्हाइकांसमोर त्यांची फिरकी घ्यायचा. "मजा आहे बुवा दाजींची! फिरायला जायचं, एक चाक फिरवायचं, देखावा बघायचा की झालं काम. लोक लांबून लांबून येतात तिथं फोटो काढायला!" दाजी बिचारे हसून चहा प्यायचे.

आज दाजी खाटेवर होते, प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून. "मास्तर, चाक जड आहे बरं का. फिरवताना आधी..."

"दाजी, जन्म गेला माझा चाक फिरवण्यात. मला चाक शिकवता?"

अक्का म्हणाली, "बरं, माझं तरी ऐक. नळाला पाणी आलं की मी गच्चीवर पांढरी चादर पसरते. आमची रोजची खूण आहे. पांढरं दिसलं की खाली ये. त्याआधी उतरायचं नाही."

"कळलं गं!"

रस्त्याला लागला तेव्हा मास्तर शीळ घालत होता. पहिल्या वळणावर शीळ थांबली, दुसऱ्या वळणावर मास्तर. ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे वाळलेल्या गवताचा पट्टा आणि पायाखाली पिठासारखी धूळ. सावली म्हणाल तर स्वतःची, तीही पायाशी गोळा झालेली. आयुष्यभर त्यानं लोकांच्या पोटांची मापं घेतली, पण स्वतःच्या पोटाला कधी टेप लावली नव्हती. आज डोंगर ते माप घेत होता.

तो दगडावर टेकला तेवढ्यात मागून शेळ्यांवाली म्हातारी आली.

"काय मास्तर, बसलात?"

"देखावा बघतोय."

"इथून? इथून तर उकिरडा दिसतो," असं म्हणून म्हातारी पुढं गेली. तिची गाभण शेळीसुद्धा पुढं गेली.

कसाबसा तो धारेवर पोचला. वारा इतका की शर्टाचा फुगा झाला. टाकीशेजारी लोखंडी चाक होतं. मास्तरनं हात घातला आणि मशीनचं चाक फिरवावं तसं सवयीनं आपल्याकडं ओढलं. चाक करकरलं, जरासं फिरलं आणि अडलं. "पूर्ण उघडलं," मास्तर म्हणाला आणि कडेला जाऊन उभा राहिला.

देखावा खरोखरच बघण्यासारखा होता. शेतांचे तुकडे कापून ठेवल्यासारखे, घरं काडेपेट्यांएवढी. आणि एका गच्चीवर, वा! पांढरं फडफडत होतं. शिवाय नळापाशी माणसं जमून हात हलवत होती. मास्तरचा ऊर भरून आला. दाजींना कधी कुणी असा हात केला असेल? त्यानं गळ्यातला टॉवेल काढला आणि हात दुखेपर्यंत हलवला.

उतरताना तो घोकत होता की लोक कौतुक करतील तेव्हा फक्त "त्यात काय एवढं" म्हणायचं.

नळापाशी कळश्यांची रांग होती, सगळ्या कोरड्या. रांगेच्या तोंडाशी अक्का.

"पाणी कुठाय?"

"अगं, चादर बघूनच उतरलो!"

"कुठल्या गच्चीवर?"

"ती काय, त्या..." मास्तरचा हात अधांतरी राहिला. ती गच्ची त्याचीच होती. शिवल्यावर आटू नये म्हणून अस्तराचं पांढरं कापड त्यानं सकाळी भिजवलं होतं आणि स्वतःच्या हातानं तिथं वाळत घातलं होतं.

"आम्ही पाणी नाही, पाणी नाही म्हणून ओरडतोय," अक्का म्हणाली, "आणि हा टॉवेल हलवतोय!"

सगळी रांग हसली. दाजी तेवढे हसले नाहीत. ते काठी टेकत नळासमोरच्या आपल्या घराच्या दारापर्यंत आले होते. "चाक कुठल्या बाजूला फिरवलंत?"

मास्तरनं हवेत फिरवून दाखवलं.

"म्हणजे होतं त्याहून घट्ट केलंत," दाजी हळूच म्हणाले. "असू द्या. तुम्ही दमलात. मीच बघतो काठीनं जमतंय का."

आणि त्यांनी खरंच पाय पुढं टाकला. मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "नीट सांगा कसं फिरवायचं. ऐकतो."

त्यानं ऐकलं आणि पुन्हा चढायला लागला. वाटेत म्हातारी शेळ्या घेऊन उतरत होती.

"परत देखावा?"

"हो. मघाशी नीट दिसला नाही."

आपणच आवळलेलं चाक सोडवताना मास्तरला आपल्या ताकदीचा पहिल्यांदाच राग आला. शेवटी पोट लावून त्यानं रेटा दिला. चाक सुटलं आणि पायाखालच्या पाइपात खळखळ झाली. मग तो कडेला बसला आणि अक्काची गच्ची नीट शोधून तिच्यावरच नजर लावली.

चादर आली. दाजींची नोकरी राहिली.

तो उठणार तोच शेजारच्या गच्चीवर दुसरी चादर आली. मग तिसरी. मग अभ्रे, सदरे, परकर, बाळांची दुपटी. ज्याला जे पांढरं सापडलं ते तो गच्चीवर आणून पसरत होता, मास्तरला या खेपेला तरी दिसावं म्हणून. निम्मे कपडे त्यानंच शिवलेले. त्याला हसू आलं, आणि हसता हसता भरूनही आलं.

सगळ्या गावात एकच गच्ची रिकामी होती, त्याची स्वतःची. तिथलं अस्तर बायकोनं केव्हाच काढून घरात नेलं होतं.