गाळलेली खिडकी

थोरल्या सुनेने चाळिशीत प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं आणि प्रकल्पासाठी घरातलंच काम निवडलं. सासऱ्यांचे गुडघे जिना चढताना कुरकुरायला लागले होते, म्हणून तळमजल्यावर त्यांच्यासाठी खोली बांधायची. गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना तिने अस्सं कामाला जुंपलं! खिडकीची चौकट यायला उशीर होणार म्हटल्यावर तिने सरळ खिडकीच गाळली आणि वर एक झरोका ठेवला. काम वेळेआधी उरकलं.

तोंडी परीक्षेत ती घडाघडा उत्तरं देत होती. मग परीक्षक बाईंनी सहज विचारलं, "आणि आजोबांना काय हवं होतं?"

तिने प्रकल्पाची फाईल पुढून मागून चाळली. त्यांना सोडून जगाला विचारलं होतं की!

मार्क मात्र भरघोस पडले. घरी येऊन ती तडक त्या खोलीत गेली. सासरे नव्या खुर्चीत, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"मामंजी, इथे काय हवं होतं तुम्हाला?"

"खिडकी गं. वरच्या खोलीतून रस्ता दिसायचा, दिवस कसा सरायचा कळायचं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं काम रखडलं असतं," ते हसले. "पास झालीस ना?"