माहेर आणि बाहेर

दिव्याचा ताप एसटीपेक्षा वक्तशीर होता. दिवसाआड, दुपारी दोनला. आधी हुडहुडी, मग चटका बसेल असं अंग, मग घाम. अन् दुसऱ्या दिवशी पोरगी कोंबड्यांमागं पळायला मोकळी. आज तिसऱ्या फेरीला मात्र सहा वर्षांचं ते लेकरू उठलंच नाही. आई ज्योत्स्नाच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखं पडून होतं, अन् सासू सुगंधाबाई सावली गावच्या डॉक्टरला निदान समजावून सांगत होती.

"बाहेरचं काही?" डॉक्टरनं विचारलं.

"बाहेरचंच आहे. परवा मिरच्या ओवाळून जाळल्या, ठसकाच नाई आला कोणाले."

"खाण्याचं विचारून राह्यलो, बाई."

"खाल्लं नाई."

"मंग बाहेरगावी गेली होती? महिनाभरात?"

"गडचिरोलीले, मावशीकडं. चार दिवस पंख्याखाली."

ज्योत्स्नानं पदर चावला. मावशीकडं दोघी एकच रात्र होत्या. बाकीचे तीन दिवस धानोऱ्याच्या पलीकडं, जंगलातल्या तिच्या माहेरी, चोरून. लग्नात सुगंधाबाईला शेवया थंड वाढल्या म्हणून सात वर्षं माहेर बंद होतं. आता तोंड उघडलं तर जन्माचं बंद. अन् माहेर म्हणजे काही बाहेर नव्हे. एका अक्षराचा का होईना, फरक आहे.

"जंगलाकडं नाई ना गेली?" डॉक्टरनं पुन्हा विचारलं. "नीट आठवा. उशीर झाला तर ताप डोक्यात चढते."

दिव्यानं डोळे उघडले, आईकडं पाहिलं, पण ओळखल्यासारखं नाही.

"गेली होती," ज्योत्स्ना म्हणाली. "माह्या माहेरी. मच्छरदानी होती, पण ते कोंबडीच्या पिल्लाइवर टाकलेली."

डॉक्टरनं दिव्याच्या बोटाला सुई टोचली, थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं. पंधरा मिनिटांत रेघ उमटली.

"मलेरिया. पहिला डोस इथंच देतो. गाडी बोलावली, लगेच गडचिरोलीले न्या."

"पिल्लं बरी आहेत म्हणा," सुगंधाबाई म्हणाली.

गाडी निघाली. व्याहाड मागं पडलं, वैनगंगेचा पूल आला. सासूनं नातीचे पाय मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली अन् वर न पाहता विचारलं, "शेवया केल्या होत्या काय तुह्या मायनं?"

"केल्या होत्या."

"गरम?"

दिव्याचं कपाळ अजून भाजत होतं. आता खोटं बोलायची ज्योत्स्नाची हिंमत नव्हती.

"थंडच होत्या, आई."