झटक्यात ओढलेली पट्टी

श्यामकांत रेल्वेच्या दवाखान्यात चौतीस वर्षं ड्रेसर होते. जखमेवरची पट्टी झटक्यात ओढायची आणि वर "काही होत नाही, झालंच" म्हणायचं, हा त्यांचा खाक्या. रोगी बोंबलला, की त्यांना वाटे माणूसच नाजूक.

आता त्यांची लेक यामिनी नव्या रायपुरातल्या प्रयोगशाळेत पट्ट्याच बनवत होती. त्याही कशाच्या, तर केळीच्या फेकून दिलेल्या खांबांच्या धाग्यांच्या! त्यात रसवाल्यांकडून गोळा केलेल्या डाळिंबाच्या सालींचा अर्क. काचेच्या बशीत त्या पट्टीजवळ जंतू टिकत नव्हते. शुक्रवारी समितीची बैठक होती. तिथे मंजुरी मिळाली तरच पट्टी माणसांवर वापरून पाहता येणार होती. दोन वर्षांची मेहनत पणाला लागली होती.

"केराच्या पट्ट्या," म्हणून श्यामकांत घरात हसत. पण ब्राह्मणपारा मोहल्ल्यात ओळखीचं कुणी भेटलं, की दहा मिनिटं त्याच पट्ट्यांचं कौतुक.

रविवारी गायीला वाचवताना ते स्कूटरवरून पडले आणि गुडघा सोलला. घरात कुणी नव्हतं, यामिनीच्या पिशवीत नमुने होते. मंजुरी-बिंजुरी लोकांसाठी, आपण काय परके? त्यांनी एक पट्टी लावून टाकली.

बुधवारी चोरी पकडली गेली.

"बाबा! परमिशन नाही न अजून! काहून लावली?"

"तुह्या समितीच्या आधी मले पाहायची होती."

"चिकटून बसली आहे. थांबा, सलाइननं भिजवते."

"अवं, भिजवत बसतेत का कुठं? ओढ झटक्यात!"

यामिनीनं ओढली. श्यामकांतांनी अशी बोंब ठोकली, की शेजारच्या सत्यभामाबाई लाटण्यासकट धावत आल्या. पट्टीसोबत खपलीही निघाली होती.

यामिनीनं पट्टी उलटून पाहिली. "जंतू मरून राहिले, पण माणूस रडून राहिला. शुक्रवारी काय सांगू मी?"

श्यामकांतांना लेकीचं वाईट वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. चौतीस वर्षांत ओरडलेले सगळेच काही नाजूक नव्हते.

"खरं ते सांग," ते म्हणाले. "अन् जवस भिजवून पाह्यलं का? आम्ही पहिले त्याचं पोटीस बांधत होतो. बुळबुळीत असते, चिकटत नाही. तेल काढल्यावर घाण्यावर त्याची ढेप पडूनच राह्यते. तेही केरच!"

यामिनीनं खरं सांगितलं आणि मंजुरी लांबली. चार महिन्यांनी, जवसाच्या ढेपेचा थर दिलेल्या पट्टीला ती मिळाली. त्याच आठवड्यात श्यामकांत पुन्हा स्कूटरवरून पडले. गायच आडवी आली, असं ते शपथेवर सांगतात; त्यांच्या पत्नीचा, इंदूताईंचा, मात्र विश्वास नाही. या वेळी सह्या करून, रीतसर पट्टी लावून घेतली.

काढायच्या दिवशी त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीचा हात आवळला.

"हे पाह्य पोट्टे, 'काही होत नाही' म्हणू नको. मले माहीत आहे, होते."

झटका काही बसेना.

"काहून थांबली? ओढ न लवकर!"

"काय ओढू, बाबा? पट्टी केव्हाची माझ्या हातात आहे."