नूरबीच्या घरची माती

चूक माझी नव्हती, भाषेची होती. हे मी गावाला शंभरदा सांगितलं, पण ऐकतो कोण?

मी संजीवनी, धामणगाव बढ्याच्या शाळेत शिकवते. माणूस मातीपासून कसा झाला याच्या जगभरच्या गोष्टी सुट्टीत पोरांना सांगायच्या आणि मातीची माणसं करून घ्यायची, असं माझ्या मनानं घेतलं. एकट्या राहणाऱ्या नूरबीच्या अंगणात चुलीसाठी चाळलेली चिकणमाती होती. ती द्यायला नूरबी तयार झाली, पण अट घातली. म्हणाली, "मंजुळेले आणशीन तं देते."

मंजुळाबाई तिची भिंतीपलीकडची मैत्रीण. मागल्या उन्हाळ्यात नूरबीच्या बकरीनं तिच्या वाळत घातलेल्या कुरडया फस्त केल्या आणि तेव्हापासून दोघींचा अबोला. नूरबी त्या अबोल्यानं पार सुकली होती. मी मंजुळाबाईच्या दारी खेटे घातले, बाई ढिम्म. शेवटी वैतागून, गावासोबत तीही येईल म्हणून, गावाच्या ग्रुपवर टाकलं: 'उद्या सकाळी नऊ वाजता नूरबीच्या घरी माती आहे. सर्वांनी यावे.'

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या मातीला जातात. हे शेंबड्या पोरालाही कळतं, मला तेवढं सुचलं नाही.

सकाळी पोरांच्या आधी गाव लोटलं. उकंडराव दुकान बंद करून आले. नूरबी पदर खोचून माती तुडवत होती. सगळ्यांचे चेहरे पाहून तिनं विचारलं, कोण गेलं? तुझ्याच मातीला आलो, हे तिला सांगायची कुणाची छाती होईना. मग तीही आपली डोळे पुसू लागली.

तेवढ्यात मंजुळाबाई अनवाणी धावत आली. फाटकापासूनच तिनं हंबरडा फोडला, "नूरबी, माह्याशी न बोलताच गेली वं!"

नूरबी चिखलाच्या हातांनी पुढं आली. मंजुळाबाईनं तिला नीट न्याहाळलं, दंडाला चिमटाही काढला.

"मेली नाई, तं सांगता येत नव्हतं?"

"सांगू कोणाले? तू बोलत व्हती का?"

मग जे हसू फुटलं, ते उकंडरावांना उचकी लागेपर्यंत थांबलं नाही. मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं. मातीला आलेलं अख्खं गाव मातीतच बसलं. मी आदमची गोष्ट सांगितली, चिखलात दोरी बुडवून माणसं शिंपडणारी चीनमधली देवी सांगितली. मग आपल्या सातपुड्यातल्या कोरकूंची सांगितली. महादेवानं मातीची दोन माणसं केली, ती घोड्यांनी तुडवली, म्हणून त्यानं राखणीला मातीचा कुत्रा केला.

सगळ्यांनी माणसं केली. मंजुळाबाईनं मात्र कुत्रा केला आणि दोन अंगणांमधल्या भिंतीवर नेऊन ठेवला.

"उद्या कुरडया घालते," ती भिंतीकडं बघतच म्हणाली. "ये मदतीले."

नूरबीनं हळूच विचारलं, "बकरी बांधून येऊ?"

"आण तिलेही. कुत्रा हाये ना आता."