सहादेवच्या उजव्या हाताचा मोजा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. माझा डावा भाऊ केव्हाच हरवला. आमचा जन्म भिंगारला, हैदरभाईंच्या दुकानात झाला. ते घोड्यांची खोगिरे शिवत. शेळीच्या मऊ चामड्याला त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तळवा लावला आणि आम्हाला सहादेवच्या हातांत घातले.

सहादेव पारनेरकडचा. लष्कराच्या मैदानावर सैनिकांचा खेळ बघता बघता तो गोलरक्षक झाला. पुढे मुंबईच्या एका कंपनीने त्याला फुटबॉल खेळण्यासाठीच पगारावर ठेवले. मी त्याच्या घामात भिजलो, चिखलात माखलो. अवघड चेंडू अडवला की तो माझ्यावर ओठ टेकवी. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, त्यात मी चेंडूआड लपलो होतो. तरी मला केवढा अभिमान वाटला!

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याच हिवाळ्यात आमचा संघ चषकाचा अंतिम सामना खेळायला नगरला उतरला. गावी सहादेवची आई राहीबाई एकटीच. दावणीच्या दोन बैलांची हाडे वर आली होती, आणि घोडेगावच्या बाजारात अशा जनावरांना कुणी विचारत नव्हते.

सामन्याच्या आदल्या दिवशी काकासाहेब नावाचा व्यापारी सहादेवला भेटला. तो सामन्यांवर पैजा लावी. घरची सगळी चौकशी करूनच आला होता. एक गोल सुटू दे, दारात ट्रकभर कडबा उतरवतो, असे तो हळू आवाजात म्हणाला. सहादेव मला मुठीत चुरगाळत होता.

"कडबा पायजे, पर असला नगं," तो म्हणाला आणि उठला. मात्र ही गोष्ट त्याने संघात कुणालाच सांगितली नाही.

सामना संपत आला असताना चेंडू उजव्या खांबाकडे आला. सहादेवने झेप घेतली. मित्रांनो, मी त्या हातावर होतो. बोटे अशी ताणली गेली की माझी शिवण उसवली. चेंडू माझ्या टोकाला घासून जाळ्यात गेला आणि आम्ही हरलो.

काकासाहेबाला वाटले, गडी वळला. त्याने आपला शब्द पाळला. सहादेव गावी पोचला तेव्हा कडबा उतरला होता आणि लेकानेच धाडला असे समजून राहीबाईने तो बैलांपुढे टाकलाही होता. सहादेव दारात उभा राहून बघत राहिला. परत पाठवावा, तर मुकी जनावरे कधी नव्हे ती पोटभर खात होती. त्याने कडबा राहू दिला.

काकासाहेबाच्या त्या ट्रकची बातमी मुंबईला पोचली. त्याने गोल विकला असे मानून कंपनीने त्याला काढून टाकले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो मला हातात घाली, गोठ्याच्या दगडी भिंतीवर चेंडू मारी आणि परतणाऱ्या चेंडूवर उजवीकडे झेपावे. चेंडू हुकला की पुन्हा मारी. अडवला की त्याचा चेहरा अधिकच उतरे. आज अडतो, मग त्या दिवशी का अडला नाही? अंधारात बैल रवंथ करू लागले की तो कानांवर हात ठेवी. तेव्हा माझ्या चामड्याला त्याच्या कानशिलाची धडधड लागे.

एके संध्याकाळी संघाचा कप्तान बन्सी आला. तोही नगरकडचाच. मुंबईच्या साहेबांशी आपण बोललो आहोत, त्यांना फक्त खात्री हवी आहे, असे त्याने सांगितले.

"बैलाच्या पाठीवर हात ठिवून म्हन, मी गोल सोडला न्हाई. मी इस्वास ठेवीन."

सहादेवने मला तसेच हातात ठेवून बैलाच्या पाठीवर टेकवले.

"मनात कडबा हुता, बन्सी," तो म्हणाला. "हातात हुता का, ते आता मलाच ठावं न्हाई."

मी आतल्या आत ओरडत होतो. बन्सी खाली मान घालून निघून गेला.

आता मी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असतो. चामडे तडकले आहे, उंदरांनी अंगठा कुरतडला आहे. सहादेव येता-जाता हात पुढे करतो आणि मला न घेताच मागे घेतो.

मित्रांनो, चामड्याला अधूनमधून तेल लावावे, नाहीतर ते मरते. माणसाचेही तसेच आहे. ज्याच्यावर संशय आला त्याला एकटे सोडू नका. एकटा पडलेला माणूस हळूहळू लोकांचेच खरे मानू लागतो. त्या झेपेचा मी एकटा साक्षीदार आहे, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.