वहीची मागची बाजू

"लेख आज पाचपर्यंत गेला पाहिजे," मार्गदर्शक मॅडमनी सकाळीच बजावलं होतं. "नोकरीच्या अर्जाला तीन लेख लागतात. दोनवाल्यांचे अर्ज कुणी उघडूनही बघत नाही."

संशोधक मुलगी दप्तरखान्यात आली. प्रबंध चार वर्षं रेंगाळला होता आणि त्याचेच तुकडे पाडून ती लेख करत होती. तिसरा तुकडा एका जुन्या शाळामास्तरांच्या वहीवर. वहीत कच्च्या मुलांची नावं तांबड्या शाईने खोडलेली होती. मास्तरांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं, असा तिचा निष्कर्ष. एका पानाचा क्रमांक तेवढा तपासायचा राहिला होता.

दप्तरखान्याच्या काकांनी वही पुढे ठेवली ती उलटी. सरळ करता करता ती थबकली. वहीत मागूनही लिहिलेलं होतं.

"काका, हे कधी..."

"पहिल्यापासून आहे. मागच्या खेपेला मधली कोरी पानं लागली, नि तू फोटो काढून पळालीस. गाडी चुकत असल्यासारखी."

मागे संध्याकाळच्या वर्गाची हजेरी होती. खोडलेली अकराच्या अकरा नावं तिथे हजर. पुढे बारीक अक्षरात शेरे: 'आज पाढा अडखळला, पण रडला नाही.' 'आज आपणहून वाचायला उठली.' मुलांचे चेहरे रोज निरखणाऱ्यालाच असं सुचतं.

तिने फोन काढून त्या पानांचेही फोटो घेतले. लेख तसाच पाठवला, तर कुणाला कळणारही नव्हतं. साडेचारला ती मॅडमच्या खोलीत उभी राहिली.

"मॅडम, लेख चुकलाय. पाठवत नाही."

"वेड लागलंय का? शेवटी एक वाक्य घाल, अधिक संशोधनाला वाव आहे म्हणून, आणि पाठव."

"मास्तरांवर खोटा आळ येईल."

"मास्तर जाऊन जमाना झाला."

"म्हणूनच. त्यांना उत्तर देता येणार नाही."

मॅडमनी तिच्या हातातला फोन घेतला, चष्मा वर सरकवला. एक शेरा वाचला, मग दुसरा. पाच वाजून गेले, त्या वाचतच होत्या.

"यातलं कुणी पुढे शिकलं का?"

"माहीत नाही."

"मग शोध. अर्ज दोन लेखांवरच जाऊ दे. मुलाखतीला बोलावलं नाही, तर येऊन मला शिव्या घाल."

"तुम्हाला?"

"तुकडे पाडायला मीच शिकवलं ना तुला." त्यांनी दुसरी खुर्ची ओढली. "बस. ही तिसरी ओळ मला लागत नाहीये. वाचून दाखव."