मढ्याची वाट

मित्रांनो, मी एक भुयारी मार्ग आहे. म्हातारा म्हणावं एवढं माझं वय नाही. तीनच वर्षांचा आहे. पण ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही तो लवकर जुना होतो. सोलापूर शहर मागे पडलं की दक्षिणेला ज्वारीची रानं लागतात. तिथे कासारहट्टी नावाचं गाव आहे. गावाच्या मधून चौपदरी महामार्ग गेला आहे. घरं त्याच्या एका अंगाला, शाळा, शेतं आणि स्मशान दुसऱ्या अंगाला. त्या महामार्गाच्या पोटाखाली मी आहे. गाड्या मला दिसत नाहीत, पण त्यांची घरघर दिवसभर माझ्या छतातून खाली उतरते.

माझा जन्म चंद्रिका मॅडमच्या वहीत झाला. त्या रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर, सोलापूर शहरात वाढलेल्या. काम सुरू व्हायच्या आधी त्या तीन दिवस फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि कोण कुठून रस्ता ओलांडतं ते लिहीत राहिल्या. टपरीवाल्याला वाटलं, बाई कुणाची तरी वाट बघतेय. शेवटी त्यांनी नकाशावर शाळेच्या फाटकासमोर एक रेघ मारली. ती रेघ म्हणजे मी. वरचे साहेब म्हणाले, कशाला एवढा उपद्व्याप, लोकांना समजावून सांगा, जपून ओलांडतील. तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "साहेब, माणूस चुकणारच. चुकला तरी मरू नये, असा रस्ता आपण करायला पाहिजे."

साहेबांनी मला मंजूर केलं, पण जागा बदलली. ओढ्यापाशी रस्त्याचा भराव आधीच उंच होता, तिथे मला बांधणं सोपं होतं. म्हणून शाळेच्या फाट्यापासून चारशे मीटर लांब, ओढ्याच्या कडेला माझा पाया खणला गेला. मॅडमनी दोन पत्रं लिहिली. उत्तर काही आलं नाही, सिमेंटचे मिक्सर मात्र आले. मग लांब तर लांब, पण होतोय ना, असं म्हणून मॅडमनी मन लावून मला घडवलं. भिंती गुळगुळीत, दोन्ही तोंडांना दिवे, उतार इतका बेताचा की सायकलवरून उतरायला नको. कामावरचे मुकादम येता-जाता माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू?

मी पुरता तयार झालो. फक्त उद्घाटन राहिलं होतं, म्हणून दोन्ही तोंडांना पत्रे लावलेले होते. त्याच आठवड्यात गावातला धोंडीराम गेला. रानातून घरी येताना फाट्यावर दुभाजक ओलांडला आणि ट्रेलरखाली आला. दुसऱ्या दिवशी त्याची तिरडी महामार्गाच्या कडेला येऊन थांबली. गाड्या काही थांबेनात. खांदेकरी उन्हात तिष्ठत उभे, मडकं धरलेला भाऊ उभा. चंद्रिका मॅडमना ते बघवेना. त्या धावत आल्या, पत्रे काढायला लावले आणि म्हणाल्या, इकडून न्या, इथे तुम्हाला कुणी अडवणार नाही. माणसं त्यांना हात जोडून माझ्यातून गेली. मॅडमना बरं वाटलं, मलाही वाटलं. एका दुःखी घराच्या उपयोगी पडलो, असं आम्ही दोघं समजत होतो.

इथेच चुकलं, मित्रांनो. नव्या घराच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल कुणाचं पडतं, हे गाव बघत असतं. माझ्यात पहिली गेली ती तिरडी. पुढे फीत कापली, नारळ फोडला, पेढे वाटले. काही उपयोग झाला नाही. गावाने माझं नाव ठेवून टाकलं होतं, मढ्याची वाट. नवरी माझ्यातून जात नाही, बाळंतीण जात नाही, परीक्षेला निघालेलं पोर जात नाही. कुणी वारलं की तिरडी मात्र न चुकता माझ्यातूनच जाते. जिवंत माणसांनी फाट्यावरचा दुभाजक पहारीने फोडला आणि आपली वाट वरून केली. मॅडमनी तो दोनदा बांधून घेतला, दोनदा तो पुन्हा फुटला.

मॅडमना सगळ्यात जास्त काळजी होती रेश्माची. ही धोंडीरामची एकुलती एक मुलगी, तेव्हा पाचवीत. वडील जिथे गेले तिथूनच ती रोज दप्तर घेऊन पलीकडे जायची. तिची आई सोनाबाई धुणं धुवायला ओढ्यावर, माझ्या तोंडाशीच यायची. एक दिवस मॅडम तिला तिथे येऊन भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही पोरीला घेऊन एकदा यातून चाला, तुमचं बघून सगळं गाव चालेल. सोनाबाईने हातातलं लुगडं पिळत ऐकून घेतलं.

"तुमी वाईट व्हावं म्हणून न्हाय केलं, मॅडम, ते कळतंय मला," ती म्हणाली. "पर ज्या वाटंनं तिच्या बापाला न्हेलं, त्याच वाटंनं मी तिला रोज कशी लावून देऊ? माझ्या जिवाला पटत न्हाय."

पुढे मॅडमची बदली झाली. जाण्याआधी त्या माझ्यातून एकट्याच एक फेरी मारून गेल्या. त्यानंतर माझे दिवे चोरीला गेले. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत साचू लागलं. उन्हाळ्यात कुणीतरी एका भिंतीला कडबा रचला. माझी काही तक्रार नव्हती; कडब्याच्या तरी उपयोगी पडत होतो.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी हलक्या पावलांचा आवाज आला. रेश्मा होती, आता आठवीतली, आणि तिची वर्गमैत्रीण समरा. समराचे वडील टेम्पो चालवतात, त्यामुळे महामार्गावर काय काय होतं ते त्या घराला चांगलं माहीत. रेश्मा माझ्या तोंडाशी थबकली. समराने तिचा हात धरला.

"आमच्यात न्हाय गं असलं काय. अब्बांनी सांगितलंय, वरनं जायचं न्हाय म्हंजी न्हाय. चल की, मी हाय."

दोघी आत आल्या. मधोमध आल्यावर रेश्माने हळूच एक हाक मारून बघितली. हाक घुमली, तशा दोघी हसत पळत सुटल्या. अकरा दिवस त्या माझ्यातून शाळेला गेल्या आणि माझ्यातूनच परत आल्या. मित्रांनो, ज्या कामासाठी मला बांधलं, ते काम मी आजवर एवढे अकरा दिवसच केलं आहे. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

अकराव्या दिवशी कडबा न्यायला आलेल्या कुणीतरी त्यांना पाहिलं आणि सोनाबाईला जाऊन सांगितलं. दुसऱ्या सकाळी रेश्मा माझ्या तोंडापर्यंत आली ती समराला निरोप सांगायला. आई रागावली नव्हती, रडत बसली होती आणि तिने आपल्या गळ्याची शपथ घातली होती. रेश्मा फाट्याकडे वळली. समरा एकटीच माझ्यातून गेली, सारखी मागे बघत.

पुढच्या सोमवारी, शाळा सुटायच्या वेळी, फाट्याकडून ब्रेकचा लांबलचक आवाज आला आणि मग माणसांचा गलका. वर कोण गेलं हे मला कधीच लगेच कळत नाही. मला वाट बघावी लागते. दुसऱ्या दिवशी आली ती तिरडी लहान होती.

कासारहट्टीत बायका स्मशानात जात नाहीत, ओढ्यापाशी थांबतात. धोंडीरामच्या वेळी सोनाबाईही थांबली होती. या वेळी ती थांबली नाही आणि तिला कुणी अडवलंही नाही. तिरडीच्या मागोमाग ती आत आली. भिंतीला हात लावत पलीकडच्या उजेडात पोचली आणि तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"एवढीच वाट व्हती व्हय ही?" ती म्हणाली. "शंभर पावलं बी न्हाईत की."

खांदेकरी स्मशानाकडे चालू लागले.

मला वाटलं, आता तरी गाव बदलेल. उलट आता म्हणतात, त्या बोगद्याने बाप नेला आणि लेकही नेली. फाट्यावरचं भगदाड तसंच आहे. समरासुद्धा हल्ली वरून जाते. एकटीला माझ्यात भीती वाटते म्हणे. तिला मी काय दोष देणार? बाहेर ऊन आणि माणसं आहेत, माझ्यात अंधार आहे.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या रस्ते बांधणार असेल, तर माझं एक ऐका. भराव कुठे उंच आहे ते बघून मार्ग काढू नका, माणसं जिथून चालतात तिथे काढा. आणि ती कुठून चालतात एवढंच लिहून उठू नका, त्यांच्यात बसा, ती कशाला भितात ते विचारा. मॅडमसारख्या भल्या बाईलाही ते विचारायला उशीर झाला.

आणि तुम्ही कधी कासारहट्टीला आलात, तर चारशे मीटर जास्त चाला. माझ्याकडे या. पाणी साचलेलं असेल, कडबा टोचेल, तरी माझ्यातूनच जा. कुणाच्या खांद्यावरून नको, आपल्या पायांनी चालत जा.